पुडिंगचा पापुद्रा

गेल्या अंकात जायफळ कसं साठवावं या प्रश्नाला उत्तर देताना मी सहज लिहून गेले होते, की आमच्या होस्टेलच्या साबुदाण्याच्या पुडिंगवर जायफळाचा जो वास यायचा, तो मला पुन्हा कुठं मिळाला नाही. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली, की या वेळचं सगळं सदर मी त्यालाच देते आहे. नव्या वाचकांसाठी सांगते. १९७२ ते २००७ अशी पस्तीस वर्षं मी परळच्या एका नर्सिंग होस्टेलच्या भटारखान्यात होते. भांडी विसळायला आणि कणीक मळायला म्हणून लागले आणि निवृत्त झाले तेव्हा कोठीच्या किल्ल्या माझ्याकडे होत्या. पुढे जे सांगते आहे ते सगळं तिथं हातांनी केलेलं आहे.

प्रश्न : ताई, माझे सासरे ८५ वर्षांचे आहेत. तरुणपणी ते बोटीवर नोकरीला होते. आता जेवण फार कमी झालंय, पण 'बोटीवरचं सागो पुडिंग एकदा खायचंय' असं महिनाभर म्हणतायत. मी साबुदाण्याची खीर केली. वेलची, केशर, तुपात तळलेले काजू, सगळं घातलं. दोन चमचे खाल्ले आणि म्हणाले, 'छान झालीय हो, पण ही खीर आहे.' त्यांना नक्की काय हवंय? — एक वाचक, गिरगाव

उत्तर : त्यांना पुडिंगच हवंय, आणि ते खिरीपेक्षा खरोखरच वेगळं आहे. तुम्ही त्यांना एकच विचारा, 'बाबा, त्याच्यावर तपकिरी डागांची साय होती का?' त्यांचा चेहरा बघा, उत्तर मिळेल.

खीर चुलीवर होते, पळीनं वाढतात, वाटी तोंडाला लावून पिता येते. पुडिंग चुलीवर अर्धंच होतं, उरलेलं भट्टीत. ते बसतं. मोठा चमचा खुपसून काढलं की कडा उभी राहते, आत दाणे मोत्यांसारखे दिसतात आणि वर एक खरपूस पापुद्रा येतो. वेलची नाही, केशर नाही, सुका मेवा तर मुळीच नाही. दूध, साबुदाणा, साखर, लोणी, अंडं, चिमूटभर मीठ आणि जायफळ. एवढ्यावरच ते उभं असतं, म्हणून त्यात लपवालपवी चालत नाही. दूध जरा लागलं तरी कळतं, दाणा कच्चा राहिला तरी कळतं.

सहा ते आठ माणसांचं प्रमाण देते. पाऊण लिटर दूध, ७५ ग्रॅम साबुदाणा, ६० ग्रॅम साखर, एक मोठं अंडं, दोन चहाचे चमचे लोणी, चिमूटभर मीठ, पाव जायफळ. साबुदाणा वजन करूनच घ्या. वाट्या घरोघरी वेगळ्या असतात, आणि इथं वीस ग्रॅमनं सगळं बिघडतं. दहा मिली दुधाला एक ग्रॅम साबुदाणा, हे लक्षात ठेवलंत की कितीही माणसांचं करता येईल. दूध गाईचं किंवा पिशवीतलं साधं घ्या. तबेल्यातून म्हशीचं येत असेल तर पाव हिस्सा पाणी घाला, नाहीतर पुडिंग तोंडात जड बसतं आणि जायफळ मागे पडतं.

साबुदाणा मध्यम आकाराचा, साधा. एकदाच हलक्या हातानं धुवा, वर पिठी असते ती जाऊ द्या, आणि बुडेल एवढ्याच पाण्यात एक तास ठेवा. खिचडीसारखा रात्रभर नको. खिचडीला दाणा आधीच फुललेला लागतो, पुडिंगमध्ये तो दूध पिऊन फुलायला हवा. रात्रभर पाणी प्यालेल्या दाण्यात दुधाला जागा उरत नाही.

जाड बुडाचं पातेलं थंड पाण्यानं विसळा, पुसू नका, तसंच ओलं ठेवून त्यात दूध ओता. दूध तळाला कमी धरतं. एक उकळी आली की आच अगदी बारीक करा, निथळलेला साबुदाणा घाला आणि पंधरा-वीस मिनिटं तिथून हलू नका. चमचा तळाला टेकवून, सावकाश. दाणा आधी कडेनं काचेसारखा होत जातो आणि मध्ये पांढरा ठिपका राहतो. तो ठिपका मोहरीएवढा उरला की उतरवा. पूर्ण नाहीसा होईपर्यंत थांबू नका, उरलेलं काम भट्टी करते.

साखर आता घाला, आधी नाही. साखर पाणी धरून ठेवते, ती लवकर पडली तर दाणा फुलायचं लांबवतो. लोणी आणि मीठही आताच. मग पातेलं बाजूला ठेवा. बोट बुडवून दहा आकडे मोजता येतील इतकं निवलं, की फेटलेल्या अंड्यात आधी त्यातले दोन-तीन डाव घालून हलवा आणि मग ते अंडं पातेल्यात ओता. उलटं केलंत, म्हणजे गरम दुधात थेट अंडं ओतलंत, तर अंड्याच्या दोऱ्या होतात आणि त्या काढता येत नाहीत.

लोणी चोळलेल्या काचेच्या किंवा चिनी मातीच्या पसरट भांड्यात ओता. जायफळ आत्ताच, वरून, ताजं किसा. भांडं एका पसरट ट्रेमध्ये ठेवा, ट्रेत भांड्याच्या निम्म्यापर्यंत गरम पाणी घाला आणि १६० अंशांवर चाळीस मिनिटं ठेवा. कडेला बसलेलं आणि मध्ये किंचित थरथरणारं असताना काढा. वीस मिनिटं कुणालाही हात लावू देऊ नका. बाबांना कोमटच द्या, आणि पापुद्रा आधी त्यांना.

हे मी ज्यांच्याकडून शिकले ते आमचे मुख्य आचारी, मूळचे गोव्याचे. सगळं होस्टेल त्यांना अंकल म्हणायचं. त्यांची सुरुवातही बोटीवरच्या भटारखान्यातली, त्यामुळे तुमच्या सासऱ्यांच्या आठवणीतलं पुडिंग आणि आमचं पुडिंग फार लांबचं नसावं. बुधवारी रात्री साबुदाण्याचं पुडिंग हे ठरलेलं. वीस लिटर दूध आणि दोन किलो साबुदाणा. पहिल्या वर्षी एका बुधवारी त्यांनी मला उलथनं देऊन त्या पातेल्यापाशी उभं केलं. पलीकडे चपात्या लाटणारी एक बाई आली नव्हती, मी पाच मिनिटं तिकडे हात लावायला गेले. परत आले तोपर्यंत वास सुटला होता. वीस लिटर दूध. त्या रात्री मुलींना केळी वाटली. रात्रपाळीला जाणाऱ्या एका मुलीनं रिकाम्या ट्रेकडे बघितलं आणि काही न बोलता केळं घेऊन गेली, ते मला आजही दिसतं. अंकल रागावले नाहीत. पुढच्या बुधवारी पातेल्याशेजारी त्यांनी एक स्टूल आणून ठेवलं आणि म्हणाले, 'बस. चपात्या होतील.' त्या स्टुलावर मी पुढं कितीतरी जणींना बसवलं.

प्रश्न : आमच्याकडे ओव्हन नाही आणि तेवढ्यासाठी घ्यायचाही नाही. कुकरमध्ये होईल का? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : होईल. खरवस जसा करता तसंच. डब्यात मिश्रण घाला, डब्याला झाकण लावा, म्हणजे वाफेचं पाणी आत ठिबकणार नाही. कुकरची शिटी काढून मध्यम आचेवर पंचवीस मिनिटं. पुडिंग मऊ आणि सुरेख बसतं, फक्त पापुद्रा येत नाही. तो हवाच असेल तर वर चमचाभर साखर पसरा आणि लोखंडी उलथनं लालबुंद तापवून तिच्यावर क्षणभर टेकवा. साखर चर्र करून तपकिरी होते. हे करताना मुलांना लांब ठेवा.

आणखी एक. आईच्या किंवा सासूबाईंच्या माळ्यावर अॅल्युमिनियमचा तो जुना गोल ओव्हन आहे का बघा, झाकणाला काच असलेला. नानकटाई करायला मुंबईतल्या कितीतरी घरांत तो होता. त्याला अंश-बिंश कळत नाहीत, पण पुडिंग त्यात फार छान होतं, कारण उष्णता वरून थेट पडते. वायर मात्र आधी इलेक्ट्रिशियनला दाखवा.

प्रश्न : दर वेळी साबुदाण्याचा चिकट गोळा होतो किंवा दाणे विरघळून नुसती खळ उरते. काय चुकतं? — एक वाचक, चेंबूर

उत्तर : दोन्हींची कारणं वेगळी आहेत. गोळा होतो तो धुताना पिठी न गेल्यामुळे, किंवा दूध उकळायच्या आधी साबुदाणा पडल्यामुळे. थंड दुधात दाणे तळाशी एकमेकांना चिकटून बसतात आणि मग तापत जाताना तसेच शिजतात. खळ होते ती मोठ्या आचेमुळे आणि जोरजोरात ढवळल्यामुळे. दाणा म्हणजे स्टार्चची पुरचुंडी आहे. साधारण साठ-सत्तर अंशांना ती पाणी प्यायला लागते, फुगते. त्या वेळी तिला घुसळलंत तर ती फुटणारच.

दुकानातून काय आणता तेही बघा. 'नायलॉन साबुदाणा' म्हणून जो मिळतो तो वाफवून वाळवलेला असतो, चिवड्यासाठी तळायला चांगला, पुडिंगसाठी नाही. साधा साबुदाणा तव्यावर भाजून वाळवलेला असतो, तो भिजतो. पुड्यावर लिहिलेलं नसेल तर वाण्याला 'खिचडीचा द्या' म्हणा, चुकणार नाही. आणि पावसाळ्यात आणलेला पुडा कोंदट वास देत असेल तर कोरड्या कढईत मंद आचेवर दोन-तीन मिनिटं परतून घ्या. रंग बदलू द्यायचा नाही. आपल्या मुंबईच्या हवेत जून ते सप्टेंबर मी हे न चुकता करते.

प्रश्न : आषाढीला करायचं आहे. अंडं चालणार नाही. कस्टर्ड पावडर घालू का? — एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : नको. कस्टर्ड पावडर म्हणजे मुख्यतः मक्याचं पीठ, रंग आणि व्हॅनिलाचा वास. उपवासाला बहुतेक घरांत ती चालत नाही, आणि चालली तरी पुडिंगची चव जाऊन पिवळं कस्टर्ड हातात येतं.

अंड्याशिवायचं पुडिंग हे तडजोडीचं पुडिंग नाही. दूध, साबुदाणा, साखर एवढंच भांड्यात घालून मंद भट्टीत ठेवायचं, ही पद्धतही जुनीच आहे. तुम्ही असं करा. वरच्याच प्रमाणात साबुदाणा शिजवा, पण ठिपका पूर्ण जाईपर्यंत. मग त्यातला दोन डाव साबुदाणा काढून बारीक वाटा आणि परत मिसळा. तोच बांधून धरतो. भट्टी १५० अंशांवर, वेळ एक तास. पहिल्या अर्ध्या तासात वर साय धरली की ती चमच्यानं आत ढकला, पुन्हा धरू द्या. दुसऱ्यांदा येणारी साय जाड आणि गोड असते. लोण्याऐवजी साजूक तूप घाला. जायफळ उपवासाला चालतं, तेव्हा ते सोडू नका.

आमच्याकडे आषाढीला आणि महाशिवरात्रीला हेच व्हायचं. कोकणातल्या आणि घाटावरच्या मुली उपवास धरायच्या, आणि अंकल स्वतः चर्चला जाणारे, पण त्या दिवशी त्या मुलींचं भांडं वेगळं, चमचा वेगळा, अंड्याचा हात लागलेलं काहीही जवळ येऊ द्यायचे नाहीत. मी विचारलं नव्हतं, त्यांनीही कधी सांगितलं नाही. तसं करायचं असतं हे त्यांना माहीत होतं.

प्रश्न : मोबाईलवर सारखे मेसेज येतात की साबुदाणा अळ्या पडलेल्या खड्ड्यांत बनवतात, तो शाकाहारी नाही, उपवासाला खाऊ नका. खरं काय? आणि साबुदाणा झाडापासून होतो की कंदापासून? दोन्ही वाचलंय. — एक वाचक, मुलुंड

उत्तर : तुम्ही वाचलेली दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, कारण वस्तू दोन आहेत.

सागो म्हणजे मुळात एका ताडासारख्या झाडाचा गर. इंडोनेशिया, मलेशिया, पापुआ न्यू गिनी या दलदलीच्या मुलखात ते झाड वाढतं. फुलोरा यायच्या आधी खोडात स्टार्च गच्च भरलेला असतो, तेव्हा ते तोडतात, खोड फोडून आतला गर किसतात, धुतात आणि पाण्याबरोबर आलेला स्टार्च खाली बसू देतात. मलय भाषेत त्याला 'सागू' म्हणतात. इंग्रजांचं सागो तिथूनच आलं, आणि आपल्या साबुदाण्यातला 'साबु'ही त्याच घरचा.

आपण खातो तो साबुदाणा मात्र टॅपिओकाच्या कंदाचा. हा कंद दक्षिण अमेरिकेतला, पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आला आणि केरळात रुजला. पूर्वी सागो आपल्याकडे मलाया-सिंगापूरकडून बोटीनं यायचा. १९४२ मध्ये जपाननं तो मुलूख घेतला आणि माल बंद पडला. त्या टंचाईत, १९४३ च्या सुमारास, तमिळनाडूतल्या सेलमला टॅपिओकाच्या स्टार्चपासून दाणे करायला सुरुवात झाली. आज आपल्या वाण्याकडचा साबुदाणा बहुतेक त्याच भागातून येतो. तमिळमध्ये त्याला जव्वरिसी म्हणतात, जावा बेटाचा तांदूळ या अर्थानं. जिथून आधी माल यायचा ते गाव नावात अजून शिल्लक आहे, हे मला फार आवडतं.

आता बनवण्याचं. कंद सोलतात, धुतात, किसून पाण्यात कालवतात, चोथा गाळतात आणि पांढरं पाणी टाक्यांमध्ये तासन् तास निवळू देतात. तळाला स्टार्चचा ओला थर बसतो. तो मोडून, चाळवून, हलवून हलवून त्याचे गोल दाणे करतात, चाळणीनं आकार वेगळे करतात, तापल्या पत्र्यावर भाजतात आणि उन्हात वाळवतात. यात प्राण्याचं काहीही नाही. साबुदाणा पूर्ण शाकाहारी आहे. उपवास मोडतो असं सांगणारा मेसेज पुढं पाठवू नका, एखाद्या म्हातारीच्या तोंडचा घास त्यानं जातो. स्वच्छतेची काळजी वाटणं मात्र रास्त आहे, आणि तिला उत्तर हेच, की बंद पुड्यातला, परवाना क्रमांक असलेला साबुदाणा घ्या आणि दुधाहून पांढरा चमकणारा दिसला तर त्याच्या मोहात पडू नका. कंदाचा स्टार्च किंचित मळकटच असतो.

प्रश्न : मुलगी सिंगापूरला असते. तिकडे तिनं साबुदाण्याचं पुडिंग खाल्लं, काळ्या गुळाचं आणि नारळाच्या दुधाचं. सुट्टीत आली तेव्हा मी तसं करायला गेले, उकळत्या दुधात गूळ घातला आणि दूध फाटलं. — एक वाचक, ठाणे

उत्तर : गुळात थोडा आंबटपणा असतो, उकळत्या दुधाला तो सोसत नाही. पण तुमच्या मुलीनं खाल्लं त्यात गाईचं दूध नसतंच. ते 'सागू गुला मेलाका'. तिथं साबुदाणा नुसत्या भरपूर पाण्यात उकळतात, चाळणीत ओतून थंड पाण्यानं धुतात म्हणजे खळ निघून जाते, मग वाट्यांमध्ये दाबून थंड करतात. दाणे आपोआप एकमेकांना धरतात. खाताना वाटी उपडी करायची, वरून मीठ घातलेलं नारळाचं घट्ट दूध आणि माडाच्या गुळाचा पाक. तिन्ही गोष्टी ताटलीतच भेटतात, म्हणून फाटायचा प्रश्न येत नाही.

माडाचा गूळ मुंबईत गोव्याचं सामान ठेवणाऱ्या दुकानांत मिळतो, काळसर आणि जरा धुरकट वासाचा. तोच आणा. उसाच्या गुळानं गोडी येईल, पण तो वास येणार नाही. एक वाटी किसलेल्या गुळाला पाव वाटी पाणी, विरघळवून गाळायचं, बोटाला चिकटेल इतपत आटवायचं.

आमच्या होस्टेलात केरळच्या मुली पुष्कळ. साबुदाण्याला त्या चव्वरी म्हणायच्या. ओणमला आमचा एक शेगडा त्या मागून घ्यायच्या आणि चव्वरीचं पायसम करायच्या, गूळ आणि नारळाचं दूध घालून. नारळाचं पातळ दूध शिजताना आणि घट्ट दूध आच बंद केल्यावर, हे मी त्यांच्याकडून शिकले. पहिल्या वर्षी अंकलनी चव घेतली, थोडा वेळ गप्प राहिले, आणि पुढच्या वर्षीपासून ओणमच्या आदल्या दिवशी सहा नारळ त्यांनी न मागता कोठीतून काढून ठेवायला सुरुवात केली.

प्रश्न : मला मधुमेह आहे. हे सगळं वाचून तोंडाला पाणी सुटलं. अजिबातच नाही का? — एक वाचक, बोरीवली

उत्तर : किती आणि केव्हा हे तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं, मी फक्त हिशेब देते. कोरडा साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे. शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशेच्या आसपास कॅलरी, प्रथिनं नावाला. एका माणसाच्या भरपूर खिचडीत तो शंभर ग्रॅमपर्यंत सहज जातो. वरच्या पुडिंगचे आठ वाटे केले तर एका वाट्यात नऊ-दहा ग्रॅम साबुदाणा, साडेसात ग्रॅम साखर, आणि दुधाची स्वतःची साखर. सगळी मिळून कर्बोदकं वीस ग्रॅमच्या जवळपास. साखर निम्मी केली तरी पुडिंग बसतं, कारण बसवण्याचं काम साखरेचं नाही. हा कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. माझ्या मते मधुमेह्याला उपवासाच्या खिचडीच्या ताटलीची जास्त भीती वाटायला हवी.

प्रश्न : ताई, ओळखलंत का? मी १९८८ च्या बॅचची. आता विरारला असते. येत्या महिन्यात आम्ही चाळीस जणी भेटतोय आणि सगळ्यांनी एकमुखानं बुधवारचं पुडिंग मागितलंय. चाळीस जणींचं प्रमाण द्याल? — तुमची एक मुलगी

उत्तर : बाळ, चेहरा बघितला की ओळखेन. तुमच्या बॅचची एक मुलगी पापुद्रा खरवडायला चमचा घेऊन ट्रेजवळ पहिली यायची. ती तूच असशील तर या वेळी तुला रांगेत उभं राहायचं आहे.

चाळीस जणींना पाच लिटर दूध, अर्धा किलो साबुदाणा, चारशे ग्रॅम साखर, सात अंडी, शंभर ग्रॅम लोणी, दीड जायफळ, एक सपाट चहाचा चमचा मीठ. एकाच मोठ्या पातेल्यात करू नकोस, घरच्या गॅसवर पाच लिटर दूध तळाला धरल्याशिवाय राहणार नाही. दोन पातेली घे आणि दोघी जणी बसा, एकेकीला एक. ट्रे पसरट हवेत, मिश्रण दोन बोटं उंच, त्याहून जास्त नाही. उंच भरलंस तर वरचं करपेपर्यंत मधलं पातळच राहतं. आणि पसरट ट्रेत पापुद्रा जास्त येतो, तुम्हा चाळीस जणींना तेच महत्त्वाचं. साबुदाणा आदल्या रात्री शिजवून ठेवू नकोस. थंड झाला की तो एकमेकांना घट्ट धरून बसतो, मग अंडं मिसळत नाही. लागलंच तर सकाळी कर, पूर्ण भाजून ठेव, आणि खायच्या आधी ट्रेवर ओला फडका टाकून कोमट कर.

तळाला धरल्याचा जरा जरी वास आला तर खरवडू नकोस. गॅस बंद, वरचं अलगद दुसऱ्या पातेल्यात ओत, चमचा बदल.

तुमच्यातल्या कुणी अजून ड्युटीवर असतील, उशिरा येतील. त्यांचा वाटा सगळ्यात आधी, कोपऱ्यातला पापुद्र्यासकट, डब्यात काढ आणि वर नाव लिहून ठेव. अंकल रात्रपाळीच्या मुलींचे वाटे असेच आधी काढायचे आणि भट्टीच्या कडेला झाकून ठेवायचे, सकाळी सातला त्या परत आल्या की अजून कोमट असायचे.